'रिव्हर्स ऑफ लंडन': नद्या जिंकल्या, खुनाची गोष्ट अर्धीच पटली

घाटावरची

बेन ॲरोनोविचचं 'रिव्हर्स ऑफ लंडन' वाचून झालं. 2011 साली आलेलं, एका लांबलचक मालिकेतलं पहिलं पुस्तक. प्रकार अर्बन फँटसी. म्हणजे राजवाडे, घोडे, तलवारी नाहीत. आजचं शहर, आजचं पोलीस ठाणं, आजचा ट्रॅफिक, आणि त्याच्यातच भुतं, देवता, जादू. आवडलं की नाही हे मला एका वाक्यात सांगता येत नाहीये, म्हणून सविस्तर लिहिते. खुनी कोण ते फोडणार नाही, पण बाकी बरंच येईल. कोरं वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबावं.

पीटर ग्रँट हा लंडन पोलिसातला शिकाऊ कॉन्स्टेबल. आई सिएरा लिओनहून आलेली, साफसफाईची कामं करणारी. बाप जाझ वाजवणारा, व्यसनात वाया गेलेला. पीटरचा प्रोबेशनचा काळ संपत आलाय आणि आता त्याला कागद पुढे सरकवणाऱ्या एका विभागात टाकणार अशी लक्षणं आहेत. थंडीच्या रात्री कॉव्हेंट गार्डनमध्ये एका खुनाच्या जागेवर तो पहाऱ्याला उभा असतो. एक माणूस येतो आणि आपण खून पाहिला असं सांगायला लागतो. हा साक्षीदार शंभरावर वर्षांपूर्वीच मेलेला आहे. आणि पीटर काय करतो? वही काढतो, जबाब लिहून घेतो. या एका प्रसंगावर मी पुस्तकाच्या प्रेमात पडले. पुढे त्याची गाठ नाइटिंगेल या इन्स्पेक्टरशी पडते. पोलिसात अधिकृतपणे जादू जाणणारा हा एकटाच उरलाय. पीटर त्याचा शिष्य होतो.

शिकवणी फार छान रंगवलीय. तळहातावर उजेडाचा एक गोळा आणायचा, बस एवढंच. आठवडेच्या आठवडे तेच. जमतं तेव्हा खिशातल्या मोबाइलच्या चिपचा बारीक वाळूसारखा भुगा झालेला असतो. पीटर घाबरत नाही, खट्टूही होत नाही. असं का झालं याचे प्रयोग करायला बसतो. या जगात जादूची शिस्तबद्ध मांडणी न्यूटनने केलीय, त्यामुळे हे शोभतंही.

पण पुस्तकाचा जीव आहे तो नद्यांमध्ये. लंडनची प्रत्येक नदी इथे माणूस आहे. मामा टेम्स ही नायजेरियाहून आलेली बाई, वॉपिंगला राहते, भोवती लेकींचा गोतावळा: टायबर्न, फ्लीट, बेव्हर्ली ब्रुक. वरच्या अंगाला फादर टेम्स, आपल्या पोरांसकट. दोघांत हद्दीचं भांडण. हद्द कुठली, तर टेडिंग्टन. समुद्राच्या भरतीचं पाणी टेम्समध्ये खरोखरच तिथपर्यंतच चढतं. 1858 च्या उन्हाळ्यात टेम्सला एवढी दुर्गंधी सुटली होती की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडात भिजवून लावले होते. कादंबरीतला म्हातारा त्याच सुमारास शहरावर रुसून वर निघून गेलेला. ओस पडलेली गादी नंतर मामा टेम्सने घेतली. आता म्हातारा म्हणतो माझी, ती म्हणते माझी. मिटवायला जायचं कोणी? पोलिसांनी.

हे वाचताना आमच्या कोल्हापूरची टेंबलाई, म्हणजे त्र्यंबोली देवी, डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहिली नाही. कोल्हासुराच्या युद्धात त्र्यंबोलीने मदत केली, आणि विजयानंतर तिलाच बोलवायचं राहिलं. ती रुसली, टेकडीवर जाऊन बसली, शहराकडे पाठ करून. म्हणून ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी तिची समजूत काढायला टेकडीवर जाते, कोहळा फुटतो. आषाढात पंचगंगेला नवं गढूळ पाणी आलं की पेठापेठांतून, तालमीतालमींतून ते कलशात भरून पी ढबाक या पारंपरिक वाद्याच्या तालावर टेंबलाईला नेतात. नदी, देवी, रुसवा, मान, पाणी, हे सगळं आपल्याकडे दरवर्षी रस्त्यावरून वाजतगाजत जातं. त्यामुळे देवतांची भांडणं मंत्रांनी मिटत नाहीत, मानपानाने मिटतात, हे ॲरोनोविचला कळलंय याचा मला फार आनंद झाला. मामा टेम्सच्या घरी खाण्याचं पुढे आलं की पीटर आधी विचारतो: हे घेतलं तर मी कशाला बांधला जाणार? असा प्रश्न कुणी आजीच्या तालमीत वाढलेलाच विचारील.

मग नाराजी कुठे? खुनाच्या गोष्टीत. शहरात साधी माणसं अचानक पिसाळतात, जवळच्यांना मारतात, त्यांच्या चेहऱ्याचं काहीतरी भयंकर होतं. यामागे पंच आणि ज्युडीच्या जुन्या कठपुतळीच्या खेळाचं सूत्र आहे. कल्पना जबरदस्त. पण हा धागा आणि नद्यांचा धागा एकमेकांशेजारून चालतात, एकमेकांत विणले जात नाहीत. नदीकडे गेलं की खून थांबतो, खुनाकडे आलं की नदी थांबते. शेवटी लेखक गाठ मारतो, पण तोवर शंभर पानं मी 'आता परत मामा टेम्सकडे कधी जाणार' याच ओढीने वाचली होती.

दुसरं, नाइटिंगेल ऐन वेळी जखमी होऊन बाजूला पडतो. गुरू नसला की शिष्याला एकट्याने लढावं लागणारच. सोपी वाट आहे ही. एवढा देखणा माणूस उभा करायचा आणि शेवटच्या टप्प्यात खाटेवर झोपवायचा, हे मला रुचलं नाही.

तिसरं मनाला जास्त लागलं. पीटरची नजर. समोर बाई आली की आधी तिचं अंग, मग तिचं बोलणं. नदी असो, सहकारी असो. लेस्ली मे ही त्याच्याच बरोबरची कॉन्स्टेबल, त्याच्याहून हुशार, हे तो स्वतःच सांगतो. आणि तिच्या वाट्याला लेखकाने जे ठेवलंय ते वाचून मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. ते दुःख तिचं असायला हवं होतं. पानावर ते पीटरच्या गोष्टीतला धक्का म्हणून येतं.

तर असं. दुसरं पुस्तक घ्यावं का? वाचलेल्यांनी सांगा.

खाकी_चाळ

उत्तम लिहिलंय. वडील पोलीस खात्यातून निवृत्त झाले, त्यामुळे लहानपण पोलीस लाइनीत गेलं. मला या पुस्तकातलं पोलीसपणच सगळ्यात खरं वाटलं. खुनाच्या जागेवर शिकाऊ पोराला थंडीत उभं करायचं आणि वरिष्ठांनी गाडीत बसायचं, हे लंडनचं असो की विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडचं, सारखंच. बंदोबस्तावरच्या माणसाला शहर जसं दिसतं तसं कुणालाच दिसत नाही. दुकानांची शटर पडल्यावर, मिरवणूक गेल्यावर, चपलांचा ढीग उरलेला असताना. भूत दिसणार असेल तर त्यालाच दिसणार.

आणि खुनाच्या तपासावरचा सीवॉल हा साहेब आठवा. काहीतरी विचित्र घडलंय हे त्याला माहीत आहे, पण त्याला ते ऐकायचं नाही, कारण ऐकलं की लिहावं लागेल. स्टेशन डायरीत काय नोंदवायचं, हा प्रश्न जादूपेक्षा मोठा आहे. वडिलांना मी हा भाग मराठीत सांगितला, तर ते म्हणाले, "बरोबर आहे, जे कागदावर बसत नाही ते घडलंच नाही."

पण दोन धागे वेगळे पडतात हे मला मान्य नाही. पंच म्हणजे दंगल, बेबंदी, सूडाचा आनंद. नद्यांचं प्रकरण म्हणजे तडजोड, शब्द, ओलीस देणं-घेणं. एका बाजूला शांतता मोडणारा, दुसऱ्या बाजूला शांतता करायला लावणारे. आणि मध्ये कॉन्स्टेबल, ज्याचं कामच शांतता राखणं. लेखकाने हे मुद्दाम समोरासमोर ठेवलंय.

घाटावरची

@खाकी_चाळ, हा अर्थ सुंदर आहे आणि तुमच्या वडिलांचं वाक्य तर लेखकालाच पाठवावं असं आहे. तरी माझं म्हणणं तसंच राहतं. तुम्ही सांगताय ते पुस्तक मिटल्यावर जुळतं. वाचताना मला खुनांमुळे नद्यांचं काही बिघडतंय असं दिसायला हवं होतं. शहरात माणसं एकमेकांचे जीव घेतायत आणि मामा टेम्सला त्याची झळ नाही? आपल्याकडे पाणी चढायला लागलं की पंचगंगा सगळ्यांच्या गोष्टीत शिरते. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट झालं की इशारा, 43 ला धोका, आणि मग लग्न असो, बारसं असो, कोर्टाची तारीख असो, सगळ्यांचं बोलणं त्या आकड्यावर येतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले हे शाळेतलं पोरगं सांगतं. 2019 आणि 2021 चे पूर ज्यांनी पाहिलेत त्यांना नदी बाजूच्या प्रकरणात बसवता येत नाही. माझी अपेक्षा तिथून आलीय.

टेम्सकाठचा_कोल्हापुरी

मूळचा शाहूपुरीचा, सध्या मुक्काम लंडन. धागा बघून राहवलं नाही.

ज्या चर्चजवळ पहिला खून होतो ते कॉव्हेंट गार्डनमधलं सेंट पॉल्स, नटांचं चर्च म्हणून ओळखलं जातं. चौकाच्या बाजूला मोठे खांब, मोठी कमान, आणि मधला भव्य दरवाजा खोटा आहे. त्यातून आत जाताच येत नाही, कारण आतल्या बाजूला वेदी आहे. खरं दार मागच्या अंगाला. त्या भिंतीवर कोरलंय की 1662 साली प्रसिद्ध डायरीकार सॅम्युअल पेपिसने इथे पंचचा खेळ पाहिला. म्हणजे लेखकाने काही हवेतून आणलेलं नाही. खोटा दरवाजा, कठपुतळीचा खेळ, रोज खेळ करणारे रस्त्यावरचे कलाकार, हे सगळं तिथे आहेच. त्याने फक्त भूत उभं केलं.

फ्लीटचंही तसंच. क्लार्कनवेल भागात रे स्ट्रीटवर एका पबसमोर रस्त्यात लोखंडी जाळी आहे. ट्रॅफिक कमी असताना वाकून कान दिला की खालून पाण्याचा आवाज येतो. तीच फ्लीट नदी, आता गटारात कोंडलेली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. इथल्या माणसांना रोज त्यावरून चालताना काही वाटत नाही.

नजरेबद्दल घाटावरची यांच्याशी पूर्ण सहमत. पुढच्या पुस्तकांत ते कमी होत जातं.

पी_ढबाक

लई दिवसांनी असला धागा बघायला मिळाला. म्या पुस्तक वाचलं न्हाई, ऐकलं. कोब्ना होल्डब्रुक-स्मिथ म्हणून माणूस वाचतोय, नाद खुळा! प्रत्येकाचा आवाज येगळा. कागलला कंपनीत जाता-येता गाडीत ऐकलं.

ते फ्लीटचं ऐकल्यावर माझ्या डोक्यात एकच आलं. आपली जयंती. आज आपण तिला नाला म्हणतोय. शहराच्या मधनं वाहती, पूल आला की नाकाला रुमाल लावायचा आणि गाडी पळवायची. पण जुनी माणसं नदीच म्हणायची की. जयंती आणि गोमती, दोन बहिणी. आता सांगा, ॲरोनोविच कोल्हापुरात जन्मला असता तर जयंती कशी बाई असती? मला वाटतंय मोठ्या घरातली थोरली लेक, आता कुणी ओळख देत न्हाई अशी. आणि पावसाळ्यात चार दिवस तिचा राग निघतोय तवा सगळ्यांच्या दारात जाऊन उभी ऱ्हातीय. त्या पुस्तकातली टायबर्न तशीच हाय बघा, जमिनीखाली गाडली तरी रुबाब कमी न्हाई.

मला खुनाचं पण आवडलं. ऑपेरात जे होतंय तवा मी गाडी बाजूला घेऊन ऐकत बसलो.

वेदांगी_करवीर

थोडं वेगळं मत मांडते, राग नसावा. मला पुस्तक अर्ध्यावर सोडावं लागलं. आपण ज्या गोष्टी श्रद्धेने करतो त्या या प्रकारच्या लेखनात चटपटीत संवाद आणि विनोदासाठी वापरल्या जातात. नदी म्हणजे देवी, हे आपल्यासाठी फँटसी नाही. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. पूर चढून पाणी पादुकांवरून जाऊन दक्षिण दारातून बाहेर पडतं, तेव्हा त्या पाण्यात स्नानाला लोक धावतात. ते दृश्य पाहिलेल्या माणसाला, सोफ्यावर बसून पोलिसाशी बोलणारी नदी थिटी वाटते. उद्या कोणी अंबाबाईला पेठेतल्या फ्लॅटमध्ये बसवून असं लिहिलं तर आपल्याला चालेल का?

घाटावरची

@वेदांगी_करवीर, राग कसला. हा प्रश्न मलाही टोचतोय आणि त्याला मान देऊनच उत्तर देते. अंबाबाईला कादंबरीत पात्र करायला मी धजणार नाही, कुणी करावं असंही मला वाटत नाही. पण आपल्याच कथांत देवी रुसते, भांडते, समजूत काढून घेते, माहेरी आल्यासारखी पालखीतून फिरते. आपल्या लोकांनी देवांना घरातलं माणूस करूनच जवळ केलंय, आणि त्यात श्रद्धा उणावली नाही. ॲरोनोविचची मामा टेम्स मला थिटी वाटली नाही, कारण पीटर तिच्यासमोर उभा राहतो तेव्हा त्याला गुडघे टेकावेसे वाटतात आणि स्वतःला सावरायला त्याला फार जड जातं. त्या दोन पानांत एकही विनोद हलका पडत नाही. लेखक तिथे तिला हसत नाही. जिथे तो लेकींच्या अंगाकडे बघत बसतो, तिथे मात्र तुमचा आक्षेप शंभर टक्के लागू.

टाउनहॉल_बाग

कोल्हापूरची अर्बन फँटसी हा विषय निघालाच आहे, तर एक माहिती. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर 1945-46 च्या सुमारास उत्खनन झालं. सातवाहन काळातली वस्ती, आणि रोमशी असलेल्या व्यापाराच्या खुणा मिळाल्या. ब्रह्मपुरीलाच मिळालेली एक छोटी ब्राँझची मूर्ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे: पोसायडन. ग्रीकांचा समुद्रदेव! भर सह्याद्रीच्या मागे, समुद्रापासून घाट चढून यावं लागतं अशा गावात, गोड्या पाण्याच्या नदीकाठी तो येऊन राहिलाय. शाळेच्या सहलीत आम्ही त्याच्यासमोरून तलवारी बघायला पळालो होतो. नंतर मोठेपणी नीट पाहिला. एवढासाच आहे, पण उभं राहण्याची ऐट बघण्यासारखी.

मामा टेम्स नायजेरियाहून येऊन लंडनची नदी होते, तर या पाहुण्याचं पंचगंगेशी काय नातं ठरलं असेल? पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आणि पाचवी सरस्वती, जी गुप्त आहे. लंडनच्या नद्या माणसांनी बुजवून गुप्त केल्या. आपल्याकडे एक पहिल्यापासूनच गुप्त मानलेली. लिहिणाऱ्याला याहून जास्त काय हवं? कोणीतरी मनावर घ्या.

प्रयाग_चिखली

पाचही जिथे एकत्र येतात त्या गावचा मी. वरची कल्पना वाचून उडालोच. घाटावरची, तुम्हीच लिहा की.

पुस्तकाबद्दल: मला पहिलं पुस्तक म्हणून त्याची घाई समजू शकते. लेखकाला एकाच वेळी जग उभं करायचंय आणि एक केस सोडवायचीय. जादूचे नियम, पोलिसांच्या पदांची उतरंड, नद्यांचं घराणं, फॉलीतली, म्हणजे नाइटिंगेलच्या मुख्यालयातली, ती दातांनी भीती घालणारी मॉली, टोबी कुत्रा. एवढं सामान चढवल्यावर गाडी पहिल्या चढाला दमणारच. दुसरं पुस्तक, 'मून ओव्हर सोहो', त्याच वर्षी 2011 मध्येच आलं. त्यात एकच मुख्य धागा आहे, जाझ वादकांचे मृत्यू, आणि पीटरचे वडील स्वतः वादक असल्यामुळे तो थेट घरात येतो. तुम्हाला जे हवंय, म्हणजे केस आणि माणूस एकमेकांत विणलेले, ते तिथे जास्त आहे. पण बायकांचं वर्णन तिथेही खटकेल, आधीच सांगून ठेवतो.

खाकी_चाळ

+1. आणि लेस्लीचं दुःख तिचं म्हणून मिळत नाही हा मुद्दा मला आज दिवसभर पुरला. खात्यात अशा मुली पाहिल्यात. परेडला पुढे, तपासात पुढे, आणि नाव भलत्याचंच. पुढच्या भागांत लेखक तिला सोडून देत नाही, एवढं सांगतो. कसं ते नाही सांगणार.

घाटावरची

@खाकी_चाळ, बस, याच एका वाक्यासाठी दुसरं पुस्तक घेते. लेस्लीला लेखक सोडत नसेल, तर मीही सोडत नाही.

@प्रयाग_चिखली, मी लिहिणार नाही, पण वाचायला पहिली उभी राहीन. मात्र जो कोणी लिहील त्याला एक विनंती. जयंतीला दुःखी करून कोपऱ्यात बसवू नका. पी_ढबाक म्हणतात तसा तिचा रुबाब राहू द्या, तिला भांडू द्या, तिच्याकडे कुणाला तरी मान घेऊन जावं लागू द्या. आणि खून घातलाच तर असा घाला की पंचगंगेला त्याची झळ लागेल.

@टाउनहॉल_बाग, या रविवारी पोसायडन बघायला भाचीला घेऊन जातेय.

वेदांगी_करवीर

माझ्या मुद्द्याला नीट उत्तर दिलंत, बरं वाटलं. मामा टेम्सचं ते प्रकरण तेवढं वाचेन म्हणते. सोडलं होतं त्याच्या पुढेच असणार. एक विचारायचं होतं. पुतण्या तेरा वर्षांचा आहे, जादूच्या गोष्टी खातो अक्षरशः. त्याला देता येईल का?

घाटावरची

नको, इतक्यात नको. खून फार क्रूर आहेत. सुरुवातीलाच एका घरात तान्ह्या बाळाचा जीव जातो, आणि ते वर्णन मोठ्यांनाही झेपत नाही. चेहऱ्यांचं जे होतं तेही रात्री आठवण्यासारखं आहे. कॉलेजला गेला की द्या. तोवर त्याला आषाढात एखाद्या शुक्रवारी आमच्या पेठेत पाठवा, पाण्याचा कलश घेऊन टेकडीपर्यंत चालू दे आमच्या पोरांबरोबर. ढबाकच्या अगदी पुढे उभा करते त्याला.